अठ्ठावीसच्या इंजिनाचा कौल

बाबल,

दहाव्याला कावळा शिवला, पण मला त्या कावळ्याचा संशय आहे.

बायकांनी त्या जागी जायचं नसतं, तरी मी गेले. एक तर तुझी बहीण, त्यात पंचवीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे मला अडवायला कोणी धजावत नाही. पाऊण तास झाला तरी कावळा येईना. मग नेहमीचं सुरू झालं. कोणी म्हणालं, "वयनीक आमी बघू." कोणी म्हणालं, "तुजा वर्कशॉप बंद पडाक देवचो नाय." कावळा माडावर बसून मान वाकडी करून सगळं ऐकत होता. शेवटी काकांचा दिगू माझ्याकडे वळला, "बाय, तू काय ता बोल. तेचो जीव तुज्यातच अडाकलेलो आसतलो." इतक्या लोकांसमोर मी काय बोलणार? तोंडातल्या तोंडात म्हटलं, "गाडी मी चालवीन." कावळा उतरला. सगळे हात जोडून उभे राहिले आणि मी मात्र पलीकडे बघत होते, कारण त्याच क्षणी पिंडांजवळ बसलेलं एक कुत्रं उठून गेलं होतं. कावळा माझ्या शब्दाला उतरला की कुत्रं गेलं म्हणून उतरला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "सुपरवायझर, कावळ्याक तरी सोड गो."

तो उतरल्यावर मी रडले, हेही सांगून ठेवते. संशय आला म्हणून रडू थांबत नाही.

गाडी म्हणजे आपली मॉन्स्टर ट्रक. हातभर लांब, सोललेल्या नारळाएवढी चाकं, रिमोटवर धावणारी, आणि बॅटरीवर नाही तर खऱ्याखुऱ्या इंजिनावर. नायट्रोचं तेल पिणारं, काडेपेटीएवढ्या जागेत अख्ख्या होडीचा आवाज काढणारं इंजिन. पन्नाशी गाठलेले बहीणभाऊ रविवारी सकाळी सड्याच्या कातळमाळावर जाऊन असलं खेळणं पळवतात, हे धामापुरात माझ्या सासरी कळलं तेव्हा ह्यांनी दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघितलं होतं. तुझी खाडीकाठची गिऱ्हाइकं तर सरळच विचारायची, "बाबलानू, आमची मशीन कदी होतली? का खेळण्याची आधी?"

ती गाडी तुझ्याकडे आली तेव्हापासून मी तुझ्यावर संशय घेत आले आहे. समुद्रात बुडी मारायला आलेला कोणी पाहुणा ती बंद पडलेली गाडी तुझ्याकडे दुरुस्तीला ठेवून गेला आणि परत आलाच नाही, ही तुझी गोष्ट. होडीची मशीनं दुरुस्त करणाऱ्याकडे कोणी खेळणं का देईल? आणि दिलं तर नेणार का नाही? मी तुला दर महिन्याला विचारायचे, "तू त्याला फोन केलास का?" तू म्हणायचास, "केलंय. लागणा नाय." "नंबर दाखव." "गावणा नाय." नंबर सापडत नाही आणि फोन लागत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे मी तुला फळ्यावर लिहून दाखवायला तयार होते. तिसऱ्या वर्षी तो पाहुणा खरंच उगवला. गाडी सड्यावर पळताना बघून खूश झाला आणि "तुमच्याकडेच ठेवा" म्हणून गेला. त्या दिवशी तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस, ती मला आवडली नव्हती. माफी मी तेव्हाही मागितली नाही. म्हटलं, "एकदा खरा निघालास म्हणून काय झालं?"

पण तू मला रिमोट हातात दिलास, बाबल. पहिल्याच रविवारी. आपल्या घरात मुलींच्या हातात कधी कोणी स्क्रूड्रायव्हर दिला नव्हता. बाबांनी तुला होडीच्या मशिनवर बसवलं आणि मला पुस्तकावर. मी पुस्तकावर खूश होते, तक्रार नाही. पण त्या रविवारी तू माझं बोट धरून गॅसच्या खटक्यावर ठेवलंस आणि म्हणालास, "हळू दाब. ती तुझा ऐकता." आणि ती ऐकत होती. लाल दगडांवरून उड्या मारत, निळा धूर सोडत, वाळलेल्या गवतातून वाट काढत ती माझ्या बोटाच्या हुकमाने जात होती. त्या दिवसाबद्दल तुला कधी काही म्हणाले नाही. आज म्हणते. तो माझ्या आयुष्यातल्या मोजक्या चांगल्या दिवसांपैकी एक होता.

गोव्याहून तेल आणायला गेलो होतो ते आठवतं? परतताना इन्सुलीच्या नाक्यावर हवालदाराने कॅन उघडून वास घेतला. आत मिथेनॉल, त्याचा वास येणारच. तू नाक्यावर पोचताच तुझी शुद्ध मराठी काढलीस. हवालदार विचारतो, "हे काय आहे?" तू म्हणतोस, "साहेब, खेळण्याचं इंधन आहे." वयाने पन्नास, हातावर ग्रीस, गाडीत बसलेली एक बाई, आणि म्हणे खेळण्याचं इंधन. मी त्याच्या जागी असते तर आपल्याला उतरवलंच असतं. मी दुकानाची पावती पुढे केली, मिथेनॉल प्यायल्यावर माणसाची दृष्टी कशी जाते हे शिकवणीच्या सुरात समजावलं, तरी त्याचा चेहरा हलेना. तेव्हा तू म्हणालास, "साहेब, ही माझी बहीण. तुम्ही घेताय त्याच्या दुप्पट संशय ही घेते. हिने त्या कॅनचा वास तुमच्या आधी दोनदा घेतलाय." हवालदार हसला आणि आपल्याला सोडलं. इन्सुलीपासून घरापर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, आणि घरी पोचल्यावर दोघंही हसत सुटलो.

मग जुनं इंजिन गेलं.

गेलं म्हणजे एकदम बंद पडलं नाही. थंड असताना चालू व्हायचं, जरा तापलं की मरायचं आणि पुन्हा पेटायचं नाव नाही. तू फ्लायव्हील बोटांनी फिरवून दाखवलंस. पिस्टन वर जाताना जिथे घट्ट लागायला हवा तिथे तो लोण्यातून गेल्यासारखा जात होता. "आतली पकड गेली," तू म्हणालास. "आपल्या सड्याची धूळ. फिल्टर कितीव धुतलंस तरी ती जाताच." दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. नवीन घ्यायचं आणि घ्यायचंच तर जुन्यापेक्षा वरचं घ्यायचं, इथवर आपलं दोघांचं एकमत होतं. इतकं एकमत आपल्यात आधी कधी झालं नव्हतं, मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

समोर दोन इंजिनं होती. एक एकवीस नंबरचं, जुन्याच मापाचं, पण चांगल्या घडणीचं. दुसरं अठ्ठावीस नंबरचं, आकाराने मोठं, जोराने मोठं. मला अठ्ठावीस हवं होतं. ह्यात हौस कमी आणि हिशेब जास्त होता. गाडी जड आहे. लहान इंजिनाला जोर काढायचा तर किंचाळत फिरावं लागतं, मोठं इंजिन कमी फेऱ्यांत तेवढंच काम करतं. सड्यावर सपाटी नाही, सुटे दगड आणि चढ, तिथे खालचा जोर हवा. मी गिअरच्या दातांची गुणोत्तरं काढून तुला वहीच्या दोन पानांवर दिली. तू ती पानं वाचलीस, घडी केलीस, खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "बारका घेवया."

"का?"

"मोठा इंजिन घातलंस की डिफरेन्शियल जातला. ता भारी घातलंस की शाफ्ट जातलो. शाफ्ट बदललंस की क्लच. हय होड्येचा बघतंय ना मी? ल्हान होडयेक मोठी मशीन लायतत आणि मगे मागची फळी फुटली म्हणान माज्याकडे येतत."

"बॉक्सवर त्याची ताकद लिहिली आहे बघ."

"बॉक्सार लिवक काय जाता?"

हे मात्र मला पटलं. पण तुझं बाकीचं पटलं नाही, आणि जे पटत नाही त्याच्या मागे मी कारण शोधते. वर्गात जो मुलगा एरवी पहिल्या बाकावर बसतो तो परीक्षेच्या दिवशी मागचा बाक मागतो, तेव्हा मी त्याच्या मागे जाऊन उभी राहते. तू मेकॅनिक. आयुष्यभर मोठ्या मशिनवर प्रेम केलेला माणूस. दुसऱ्याची मोठी मशीन बंदरात आली की जेवण टाकून बघायला जाणारा. तुला लहान इंजिन का हवं? आधी वाटलं, गोव्याच्या दुकानदाराशी तुझं काही साटंलोटं आहे. मग वाटलं, तुला घाई आहे, लहान लवकर मिळेल. आणि मग तिसरं कारण सुचलं. ते सुचल्यावर पहिली दोन मी सोडून दिली.

गेल्या पावसाआधी मी गाडी कुंपणाच्या गडग्यावर घातली होती. खटका जरा जास्त दाबला गेला, जांभ्याचा तो गडगा समोर आला आणि पुढचं चाक त्याला धरणाऱ्या दांडीसकट निखळलं. तू चाक उचललंस, धूळ झटकलीस, आणि "होता असा कदी कदी" म्हणालास. तुला माझ्या हातात मोठं इंजिन द्यायचं नव्हतं, बाबल. जोर मला झेपणार नाही असं तुला वाटत होतं आणि ते तोंडावर म्हणायची तुझ्यात हिंमत नव्हती. मी एवढा विश्वास या एका गोष्टीवर ठेवला, की मग मला दुसरं काही दिसेना. ज्याने मला रिमोट दिला त्यालाच आता तो दिल्याचा पश्चात्ताप होतोय, हे मला सहन होत नव्हतं.

तीन रविवार आपण भांडलो. वहिनी चहा ठेवून जायची आणि कप तसेच घेऊन जायची. शेवटी तूच म्हणालास, "तुझा नाय, माझा नाय. देवाक इचारूया."

इंजिनासाठी कौल! दुसऱ्या कुठल्या मुलखात माणसं तज्ज्ञाला विचारतील, पुस्तक बघतील. आपण निघालो देवळात. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, म्हैस विकायची, सगळ्याला कौल लावतो, मग याला का नको? मी हो म्हटलं. सगळ्या जगावर संशय घेतला तरी देवावर घ्यायचा नाही, एवढं आईने शिकवलं होतं.

देवावर नाहीच घेतला. तुझ्यावर घेतला.

तुळशीच्या लग्नाआधीची सकाळ होती. मी ठरल्या वेळेच्या जरा आधीच पोचले. लवकर पोचणं ही माझी सवयच आहे, परीक्षेत लवकर पोचलं की बरंच काही दिसतं. तू देवळामागे तातू गुरवाशी बोलत होतास. तातूने मान हलवली, तू त्याचा दंड धरलास, मग त्याने पुन्हा मान हलवली, या वेळी वेगळी. मी दिसताच तू बाजूला झालास आणि तातू कळशी घेऊन विहिरीकडे गेला. तुमच्या दोघांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्षाला शंभर वेळा बघते.

तातूने देवाच्या पाषाणावर दोन कळ्या पाण्याने चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर मोठं, डावी पडली तर लहान. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. ह्यांका गाडयेक इंजिन घालूचा आसा..." इथे तो थांबला आणि तुला हळूच विचारता झाला, "कितीचा रे?" तू म्हणालास, "अठ्ठावीसचा." "...अठ्ठावीसचा घालूचा आसात तर उजवो कौल दी, नाय तर डावो दी, आणि ह्यांच्या मनातलो गुंतो सोडय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आपण दोघं म्हणालो.

मी कळ्यांकडे बघत नव्हते, तातूकडे बघत होते. त्याच्या कपाळाला घाम होता. बराच वेळ काही झालं नाही. मग डावी कळी सुटली आणि खाली पडली. तातू आणि तू एकमेकांकडे बघितलंत. मी ते बघितलं. माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. तू गुरवाला हाताशी धरून देवासमोर मला फसवलंस. एका खेळण्याच्या इंजिनासाठी, आणि मला मोठं इंजिन झेपणार नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून.

तेव्हाच भांडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले नाही. "देवाने दिला कौल," एवढं म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

एकवीसचं इंजिन आलं. तू फोन केलास, "बाय, ये, आज पयल्यांदा सुरू करतंय. पयली टाकी तुझ्यासमोर." मी म्हणाले, पेपर तपासायचे आहेत. पुढच्या रविवारी म्हणाले, पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी तू फोन केला नाहीस, तेव्हा मला वाटलं, बघा, फोन करायचाच नव्हता. नवीन इंजिन हळूहळू अंगवळणी पाडावं लागतं, पहिल्या काही टाक्या भरपूर तेल देऊन, न पळवता. ते सगळं तू एकट्याने केलंस. सड्यावर तुझ्या गाडीचा आवाज येतो असं लोक सांगायचे. मी म्हणायचे, "येऊ दे."

मसुऱ्याला आंगणेवाडीच्या जत्रेत भेटलास. एवढ्या गर्दीत तू मला शोधून काढलंस, म्हणजे शोधतच होतास. हातात खाज्याची पुडी होती, ती माझ्या पिशवीत टाकलीस आणि म्हणालास, "बाय, तुका एक सांगूचा आसा."

मी म्हणाले, "सांग."

मी कसं म्हणाले ते मला माहीत आहे. मुलाला बाकावरून उठवून, उत्तरपत्रिका हातात घेऊन, चष्म्यावरून बघत म्हणते तसं. तू माझ्या चेहऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मगे सांगतंय. गर्दी आसा." मग तू कधीच सांगितलं नाहीस, आणि शिमग्याआधी पडवीतल्या वर्कशॉपमध्ये कुणाची तरी मशीन खोलता खोलता बसल्या जागी गेलास. बातमी आली तेव्हा मी नववीला प्रमेय शिकवत होते. प्रमेय अर्धं राहिलं. मी आजवर फळ्यावर काही अर्धं सोडलेलं नव्हतं.

तेराव्याला पंगत उठल्यावर तातू गुरव माझ्याकडे आला. ऐंशीला टेकलेला माणूस, काठी टेकत, पडवीच्या कडेला मी बसले होते तिथे येऊन उभा राहिला.

"बाय, एक सांगूचा आसा. रागाव नको. कौलाच्या दिसा सकाळी बाबल माज्याकडे इल्लो. तू बघलंस ता माका ठावक आसा."

"माहीत आहे मला कशाला आला होता."

"तुका ठावक नाय," तातू म्हणाला. "माका म्हणालो, तातू, उजवो येवक होयो. काय व्हया ता कर. मी म्हटलंय, अरे तुका तर बारका होया ना? तर म्हणता, माका होया ता रवांदे. तिका मोठा होया. मी आता एकदम हो म्हटलंय तर तिका संशय येतलो. देवान सांगल्यान तर ती ऐकतली."

मी सरकून त्याला बसायला जागा करून दिली.

"माज्यान नको म्हणाक जावक नाय," तो म्हणाला. "उजवी कळी मी सैल लायलंय, डावी घट. तरीव डावीच पडली. पन्नास वर्सा कौल लायतंय, असा कदी जावक नाय. आमी दोगव भियालो. बाबल म्हणालो, आता गप. देवान दिल्यान ता घेवया. तुका सांगतलो म्हणालेलो. जत्रेत सांगतंय म्हणालेलो."

तुझ्या बहिणीला ओळखतोस. मी तातूवरही विश्वास ठेवला नाही. तेराव्याला पोट भरल्यावर सगळेच गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. म्हातारा आहे, मी महिनोन्‌महिने तोंड फिरवून होते हे गावाला माहीत आहे, वहिनीनेही त्याला पाठवलं असेल. बहिणीच्या मनाला बरं वाटावं म्हणून कोणीही एवढं बोलेल. रडवेला चेहरा हा पुरावा नसतो, हे मी दरवर्षी मार्चमध्ये शिकते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या वर्कशॉपमध्ये गेले. गाडी फळीवर होती, वर फडका टाकलेला. मी ती उचलली, उलटी केली आणि खालून बघितली. खालची पट्टी ॲल्युमिनियमची, तिच्यावर एकवीसच्या इंजिनाचे चार स्क्रू. आणि त्या चारांच्या बाहेरच्या बाजूला काळी चिकटपट्टी, दोन तुकडे, कात्रीने सरळ कापलेले. मला आधी वाटलं, चीर पडली असेल. नखाने पट्टी उचकटली. खाली चार भोकं. नवी, कडा घासून साफ केलेली, स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून वरून खोलगट केलेली, तुझ्या हाताची सफाई. मोठ्या इंजिनाचे पाय रुंद असतात, त्याचे स्क्रू लांब लांब बसतात. तुझा व्हर्नियर घेतला आणि अंतर मोजलं. मीच तुला पाठवलेला अठ्ठावीसचा नकाशा फोनमध्ये होता, त्याच्याशी ताडून बघितलं. केसाचाही फरक नव्हता.

वहिनी दारात उभी होती. मी तिला भोकं दाखवली.

"ती?" ती म्हणाली. "कौलाच्या आदल्या दिसा पाडल्यान. ड्रिल घसरता म्हणान माका पट्टी धरूक लायल्यान. मी इचारलंय, उद्या कौल आसा, आज कसली घाई? तर म्हणता, उद्याचो माका ठावक आसा."

तिला बाकीचं काही ठाऊक नव्हतं. तातूने तिला काही सांगितलेलं नव्हतं, हे मी तीन वेगवेगळ्या प्रश्नांनी तपासून घेतलं. रागावू नकोस, मला तपासावंच लागतं. मग मी तुझ्या स्टुलावर बसले, गाडी मांडीवर उलटी, आणि वहिनीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. कोण कोणाचं सांत्वन करत होतं ते सांगता येणार नाही.

काल रविवार होता. मी आणि वहिनी गाडी घेऊन सड्यावर गेलो. प्लग तापवला, तेल भरलं. दोरी ओढून माझा दंड भरून आला. अकराव्या झटक्याला ते पेटलं, आणि वहिनी दचकून चार पावलं मागे गेली. सपाटीला सुरेख चालतं. तापलं तरी मरत नाही, बंद केलं तर पुन्हा पहिल्या झटक्याला पेटतं. ह्याचं श्रेय तुला देते. पण चढावर, बाबल, त्या पहिल्याच चढावर, अर्ध्यात किंचाळतं आणि दम सोडतं. तीनदा नेली, तीनदा अर्ध्यावर. मी म्हणत होते ना? खालचा जोर नाही त्याला. वहिनीला मी हे सगळं गुणोत्तरासकट समजावलं. ती "व्हय, व्हय" म्हणत होती. तिच्याशी भांडण्यात काही मजा नाही. तू असतास तर म्हणाला असतास, इंजिनाचा काय नाय, तुका गिअर लावक येणा नाय. मग मी वही काढली असती, आणि आपण ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच कातळावर बसून राहिलो असतो.

अठ्ठावीसचं मी मागवणार नाही. कौल मोडायचा नाही, एवढं तुझं ऐकते.

पण एक कबूल करून टाकते, कारण ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला कबूल करण्यात अर्थ नाही. तू लबाडी केलीस हे मी त्या सकाळी बरोबर ओळखलं होतं. ओळखण्यात मी कधी चुकत नाही. पण ती कोणासाठी केलीस, हे मी विचारलं नाही. देवळात विचारलं नाही, फोनवर विचारलं नाही, जत्रेत तू खाजं हातात घेऊन समोर उभा राहिलास तेव्हाही नाही.

विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.